जपानचे कागदी फुगे आणि अमेरिकेचं मौन

कंदिलवाला (धागाकर्ता)

चीनचा तो फुगा अमेरिकेने पाडला (फेब्रुवारी 2023, साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ), तेव्हा इथे भरपूर काथ्याकूट झाला होता. 'या जमान्यात फुगे कोण सोडतं राव' अशी खिल्लीही उडवून झाली. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. दुसऱ्या महायुद्धात जपानने अमेरिकेवर नऊ हजारांहून जास्त फुगे सोडले होते, खाली बॉम्ब बांधून. त्यातले शेकडो प्रशांत महासागर ओलांडून पोचलेसुद्धा. तरीही आपल्याकडे पर्ल हार्बर आणि हिरोशिमाच्या मधलं हे प्रकरण फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सुरुवात सूडातून झाली. 18 एप्रिल 1942 ला डूलिटल या अमेरिकन अधिकाऱ्याच्या विमानांनी तोक्योवर बॉम्ब टाकले. नुकसान किरकोळ होतं, पण अब्रू गेली ती गेलीच. उट्टं काढायचं तर अमेरिकेपर्यंत जाऊन परत येईल असं विमान जपानकडे नव्हतं. मग काम आलं कावासाकीजवळच्या नोबोरितो इथल्या लष्करी संशोधन संस्थेकडे. या प्रकल्पाचे प्रमुख मेजर जनरल सुएकी कुसाबा, शस्त्राचं नाव फू-गो.

सगळी भिस्त वाऱ्यावर. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून मोजलं होतं की हिवाळ्यात जपानवर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे भन्नाट वारा वाहतो. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. ओइशींनी हा शोध 1926 मध्ये छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून! अर्थात कुणीच वाचला नाही. नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 विमानं तोक्योवर आली, तेव्हा याच वाऱ्याने त्यांचे बॉम्ब भलतीकडे नेले आणि वैमानिक चक्रावले. त्याच महिन्यात त्याच वाऱ्यावर जपानचे फुगे उलट्या दिशेने निघाले होते.

आता फुग्याची करामत. व्यास 10 मीटर, आत हायड्रोजन. दिवसा उन्हाने वायू फुगतो, फुगा वर वर जाऊन फुटायची भीती. रात्री वायू आकसतो, फुगा समुद्रात पडायची भीती. प्रवास दोन ते चार दिवसांचा, म्हणजे मध्ये दोन-तीन रात्री तरी काढायच्याच. वर जास्त दाब झाला की खालची झडप उघडून वायू सोडायची, हे सोपं. रात्रीचं काय? फुग्याखाली ॲल्युमिनियमचं एक चाक, त्याला गोल लटकवलेल्या तीसेक वाळूच्या पिशव्या. फुगा साधारण 9 किलोमीटरच्या खाली उतरला की हवेच्या दाबावर चालणारं उपकरण विजेचं मंडल जोडणार, दारूची छोटी पुडी उडणार, पिशव्या सुटणार, फुगा हलका होऊन परत वर. असं करत करत वाळू संपली की पुढची पाळी बॉम्बची. हिशोब असा की तोवर खाली अमेरिका आलेली असेल. बॉम्ब टाकून झाले की शेवटी यंत्रणा आणि फुगा दोन्ही स्वतःला जाळून टाकणार, पुरावा नको. वर उणे 50 अंशाला बॅटरी गोठू नये म्हणून ती न गोठणाऱ्या द्रावणाच्या दुहेरी पेटीत ठेवलेली. ना रेडिओवरून नियंत्रण, ना माणूस.

आणि हे सगळं लटकलेलं होतं कागदाला! कोझो झाडाच्या सालीचा वाशी कागद, तीन-चार थर एकमेकांवर चिकटवलेले. खळ कोन्याकू नावाच्या कंदाची. एका फुग्याला कागदाचे सुमारे 600 तुकडे लागत. चिकटवायला शाळकरी मुली. नखं कापलेली, केसांत आकडा-पिन नाही, कारण एक ओरखडा पडला की फुगा गेला. फळ्यावर कागद पसरायचा, खळ माखायची, वर दुसरा कागद, मग बोटांनी चाचपत बुडबुडे काढायचे, वाळवायचं, परत पुढचा थर. पाळी बारा-बारा तासांची. पोटात अन्न नाही, त्यामुळे काही मुली ती खळच खायच्या. आपण काय बनवतोय हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नव्हतं. तयार फुगा फुगवून तपासायला उंच छताची जागा हवी, म्हणून नाट्यगृहं आणि सुमोचे आखाडे ताब्यात घेतले.

पहिला फुगा 3 नोव्हेंबर 1944 ला सुटला, सम्राट मेइजींच्या जन्मदिनी. ठिकाणं तीन, सगळी होन्शूच्या पूर्व किनाऱ्यावर: ओत्सू, नाकोसो आणि इचिनोमिया. एप्रिल 1945 पर्यंत सुमारे 9,300 सोडले. उत्तर अमेरिकेत 300 च्या आसपास सापडले, अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत, पूर्वेला पार मिशिगनपर्यंत. वणवे पेटवून अमेरिकेचं कंबरडं मोडायचा बेत होता. पण वारा जोराचा तो हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात तिथली जंगलं ओली किंवा बर्फाखाली. एवढं डोकं लावलेल्या माणसांना हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. कळत होतं, पण वाऱ्यापुढे इलाज नव्हता.

दुसरी गोष्ट मौनाची. 4 जानेवारी 1945 ला अमेरिकेच्या सेन्सॉर कार्यालयाने वृत्तपत्रं आणि रेडिओला विनंती केली की फुग्यांबद्दल अवाक्षर काढू नका. बहुतेकांनी पाळली. जपानला काही कळेना की फुगे पोचतायत की नाही.

आणि मग 5 मे 1945. ओरेगनमधल्या ब्लाय गावचा पाद्री आर्ची मिचेल, त्याची गरोदर बायको एल्सी आणि चर्चच्या रविवारच्या शाळेतली पाच मुलं गिअरहार्ट डोंगरावर सहलीला गेली. आर्ची गाडी लावत होता. एल्सी आणि मुलं पुढे गेली, त्यांना झाडीत काहीतरी दिसलं. त्याने ओरडून सांगायच्या आत स्फोट झाला. सहाही जण गेले. एल्सी 26 वर्षांची, मुलं 11 ते 14 वर्षांची. त्या महायुद्धात शत्रूच्या हल्ल्यात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मेलेले एवढेच.

मला म्हणायचंय ते हे: ज्या मौनामुळे अमेरिकेने हे शस्त्र बोथट केलं, त्याच मौनाने ही सहा माणसं मारली. रानात फुगा दिसला तर हात लावू नका, एवढं एक वाक्य त्या मुलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट काकू

लेख आवडला. पण ती कोन्याकूची खळ नक्की कशी असते? कुरडयांच्या चिकासारखी?

---

मुक्काम पोस्ट तोक्यो

काकू, अगदी जवळ गेलात. कोन्याकू म्हणजे आपल्या सुरणाचा सख्खा चुलत भाऊ, दोघांची प्रजाती (जीनस) एकच, अमॉर्फोफॅलस. कंद वाळवून त्याचं पीठ करतात, पाण्यात घातलं की प्रचंड फुगतं. इथे त्याच्या करड्या थुलथुलीत वड्या मिळतात, ओदेन नावाच्या रश्शात घालतात. स्वतःची अशी चव शून्य. पण कागदाला लावली की हायड्रोजन फारसा झिरपू देत नाही. रबराचा तुटवडा असलेल्या देशाला आणखी काय हवं! युद्धाच्या त्या काळात बाजारातून कोन्याकू गायबच झाला होता म्हणतात.

नौदलाने आधी रबर लावलेल्या रेशमाचे फुगे करून पाहिले होते. जड झाले, महाग पडले. शेवटी जिंकला कागदच.

नोबोरितोची जागा आता मेइजी विद्यापीठाच्या इकुता परिसरात आहे. जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत 2010 पासून संग्रहालय चालवतात. बघण्यासारखं आहे. याच संस्थेत चीनच्या खोट्या नोटाही छापल्या जात, आणि जनावरांच्या रोगजंतूंवरही काम चाले. अमेरिकेला खरी धास्ती त्याचीच होती. बॉम्बपेक्षा हे फुगे गुरांचा किंवा पिकांचा रोग तर घेऊन येत नाहीत ना, म्हणून पशुवैद्यांना आणि शेतीखात्याच्या लोकांना गुपचूप सावध केलं होतं. प्रत्यक्षात एकाही फुग्यात जंतू सापडले नाहीत.

---

गोदाकाठचा

धागाकर्त्यांशी असहमत. युद्ध चालू आहे, शत्रूने आंधळेपणाने बाण मारलाय, आणि तुम्ही त्याला ओरडून सांगणार की बाबा, जरा डावीकडे लागला? युद्धानंतरच्या चौकशीत जपानी अधिकाऱ्यांनीच सांगितलं की निकाल काहीच कळत नव्हता म्हणून वरिष्ठांचा धीर सुटला. एखाद-दुसरी बातमी तेवढी त्यांच्या कानावर गेली, बाकी शुकशुकाट. बातम्या छापून आल्या असत्या तर उन्हाळ्यात, जंगलं वाळलेली असताना, आणखी हजारो फुगे आले असते. मग मृतांचा आकडा सहावर थांबला असता का?

---

रसायनी

@गोदाकाठचा, उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावतो आणि उत्तरेला सरकतो. ओरडून सांगितलं असतं तरी जुलैमध्ये फुगे पोचणं अवघडच होतं. शिवाय फुगे बंद पडले ते फक्त मौनामुळे नाही. बी-29 नी हायड्रोजनचे कारखाने फोडले होते. वायूच नाही तर फुगवणार काय, कपाळ?

हायड्रोजनवरून आठवलं. एक फुगा सोडायला तीसेक माणसं आणि अर्धा-पाऊण तास लागायचा, तोही किनाऱ्यावर वारा पडलेला असताना, पहाटे नाहीतर सूर्यास्तानंतर. दोरखंड धरून उभी राहिलेली माणसं, शेजारी बॉम्ब आणि डोक्यावर पाचशेहून जास्त घनमीटर हायड्रोजन. सोडताना झालेल्या स्फोटांत जपानी सैनिकही मेले आहेत. ही बाजू कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

---

शशांक_प

अवांतर, पण विषयाला धरून. इंग्रजांनीही हेच केलं होतं आणि जास्त यशस्वीपणे. सप्टेंबर 1940 च्या वादळात त्यांचे संरक्षक फुगे (शत्रूची विमानं अडवायला तारांनी बांधून ठेवलेले) सुटून स्वीडन-डेन्मार्ककडे वाहत गेले आणि खाली लोंबणाऱ्या तारांनी विजेच्या वाहिन्या तोडल्या. त्यावरून कल्पना सुचली. मार्च 1942 पासून सप्टेंबर 1944 पर्यंत त्यांनी फेलिक्सस्टो आणि डोव्हरहून 99,142 फुगे सोडले, निम्म्याहून जास्त नुसत्या तारा लोंबवणारे. जुलै 1942 मध्ये अशा एका तारेने लाइपझिगजवळची 1,10,000 व्होल्टची वाहिनी भिडवली आणि ब्योलेनचं अख्खं वीजकेंद्र खलास झालं.

त्याआधी 1849 मध्ये ऑस्ट्रियाने वेढा घातलेल्या व्हेनिसवर फुग्यांतून बॉम्ब सोडले होते. वारा फिरला आणि काही परत त्यांच्याच फौजेवर गेले. 😄

---

कंदिलवाला

शशांकराव, क्या बात! तारांवरून एक राहिलं होतं. 10 मार्च 1945 ला वॉशिंग्टन राज्यात टॉपेनिशजवळ एक जपानी फुगा विजेच्या तारांवर पडला आणि हॅनफर्डच्या अणुभट्ट्यांचा पुरवठा तुटला. सुरक्षा यंत्रणेने भट्ट्या आपोआप बंद केल्या, काही बिघडलं नाही. याच हॅनफर्डचं प्लुटोनियम पुढे नागासाकीच्या बॉम्बमध्ये गेलं. नऊ हजार फुग्यांतला हा एक सगळ्यात मोलाच्या ठिकाणी जाऊन पडला आणि पाठवणाऱ्यांना युद्ध संपेपर्यंत पत्ता नाही.

---

सुलभाताई

वाचनखूण साठवली. मी भूगर्भशास्त्र शिकवत असे, त्यामुळे मला यातला वाळूचा भाग सगळ्यात प्रिय आहे. धाग्यात तो राहिलाच, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

फुगे सापडू लागले तेव्हा अमेरिकनांचा विश्वासच बसेना की हे जपानहून आलेत. पाणबुडीतून सोडले असतील, अमेरिकेतल्याच छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांनी केले असतील, काय काय तर्क झाले. मग न सुटलेल्या पिशव्यांमधली वाळू अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या लष्करी विभागाकडे आली. ती अमेरिकेच्या किनाऱ्याची नाही, एवढं लवकर ठरलं. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली. त्यात डायॅटम या सूक्ष्म शैवालाच्या शंभराहून अधिक जाती होत्या, काही जीवाश्म स्वरूपातल्या. फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांचे इवलाले कवच होते, शिंपल्यांचे तुकडे होते, पण प्रवाळाचा कण नव्हता. होन्शूच्या किनाऱ्यावर प्रवाळ आढळतं ते तोक्योच्या आसपास आणि दक्षिणेला, म्हणजे वाळू त्याच्या उत्तरेची. जड खनिजांमध्ये हायपरस्थीन भरपूर, ग्रॅनाइटी खडकाची खूण नाही, म्हणजे किनाऱ्यामागे ज्वालामुखीजन्य प्रदेश हवा. असं करत करत नकाशा आक्रसत गेला आणि दोन ठिकाणं उरली: सेंदाईजवळचं शिओगामा आणि इचिनोमिया. पहिलं चुकलं, दुसरं बरोब्बर निघालं. तिथली विमानातून छायाचित्रं काढली तेव्हा हायड्रोजनचे कारखाने दिसले.

हे जमलं कशामुळे? युद्धाआधी जपानी शास्त्रज्ञांनी स्वतःच आपल्या किनाऱ्यांचे अभ्यास निगुतीने छापून ठेवले होते, आणि ते अमेरिकन ग्रंथालयांत होते. ओइशींचा वारा कुणी वाचला नाही, ही वाळू मात्र वाचली गेली. पिशव्या भरणाऱ्याला कुणी सांगितलं असतं की नदीची वाळू भर, तर सगळाच घोटाळा झाला असता.

---

खवचट काकू

ताई, प्रतिसाद लेखापेक्षा भारी. (कंदिलवाले, रागावू नका.)

---

काटेकोर

'अमेरिकेच्या मुख्य भूमीवर' असं धागाकर्त्यांनी लिहिलंय ते बरोबर. पण जालावर सर्रास 'अमेरिकन भूमीवरचे एकमेव बळी' असं फिरतं, ते साफ चूक आहे. पर्ल हार्बर कुठे होतं मग? अलास्काच्या अल्युशियन बेटांवर अट्टूमध्ये मे 1943 ला घनघोर लढाई झाली, तीही अमेरिकेचीच भूमी.

---

गोदाकाठचा

परत मूळ मुद्द्यावर. धागाकर्ते म्हणतात एक वाक्य सांगायला हवं होतं. कुणाला? वृत्तपत्रात न छापता अख्ख्या पश्चिम किनाऱ्याच्या पोरासोरांना कसं सांगणार? गुप्तता म्हणजे गुप्तता, ती अर्धी ठेवता येत नाही.

---

कंदिलवाला

ठेवता आली की! दुर्घटनेनंतर 22 मे ला सैन्य आणि नौदलाने मिळून निवेदन काढलं: असे फुगे येतात, सापडल्यास हात लावू नका. कुठे पडले, किती पडले, काही सांगितलं नाही. म्हणजे शत्रूला नेम न कळू देता लोकांना सावध करता येत होतं. फक्त ते जानेवारीत करायचं सुचलं नाही. आणि जंगल खात्यातल्या लोकांना, पोलिसांना आधीपासून माहीत होतं. कळलं नाही ते सहलीला जाणाऱ्यांना. 1949 मध्ये अमेरिकी संसदेने मृतांच्या कुटुंबांना एकूण 20,000 डॉलर दिले. सरकारची काहीच चूक नव्हती तर हे पैसे कशाचे?

---

गोदाकाठचा

पैसे दिले म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. आपल्याकडेही सरकार दरड कोसळली की पैसे देतं. बाकी 22 मे चा मुद्दा मान्य. पण तोवर फुगे यायचे थांबले होते, तेव्हा बोलणं स्वस्त होतं. जानेवारीत फुगे आकाशात असताना ते निवेदन काढायला छाती लागली असती.

---

रानभूल

अमेरिकेतून लिहितोय, ओरेगनमध्येच बरीच वर्षं आहे. दोन गोष्टींची भर.

एक, 555 वी पॅराशूट बटालियन. सगळे कृष्णवर्णीय सैनिक, युरोपात लढायला मिळेल म्हणून तयारी केलेले. मे 1945 मध्ये त्यांना ओरेगनच्या पेंडलटनला पाठवलं, फुग्यांनी लावलेले वणवे विझवायला. फुग्यांचे वणवे जवळपास नव्हतेच, मग साधे वणवे विझवले. विमानातून जळत्या जंगलात उडी मारायची आणि फावड्याने चर खणायचे, हे त्यांचं युद्ध. एक जवान उंच झाडावरून पडून गेला. त्यांना सांगितलेलं कामही गुप्त, त्यामुळे कौतुकही नाही.

दोन, ब्लायजवळचं स्मारक. 1950 मध्ये तिथल्या लाकूड कंपनीने बांधलं, दगडी, वर ब्राँझची पाटी, नावं आणि वयं. वयं वाचून पाय निघत नाही. 1987 मध्ये फुगे बनवणाऱ्या जपानी बायकांनी, ज्या तेव्हा शाळकरी मुली होत्या, कागदाचे हजार क्रौंच घडी घालून या गावाला पाठवले. मध्यस्थी केली ती एका जपानी-अमेरिकन प्राध्यापकाने, ज्याला युद्धकाळात टुली लेकच्या छावणीत डांबलं होतं. ती छावणी ब्लायपासून फार लांब नाही. त्या बायकांना आपल्या फुग्याने मुलं मेली हे चाळीस वर्षांनी कळलं होतं.

आर्ची मिचेलचं पुढे काय झालं तेही लिहितो. तो मिशनरी म्हणून व्हिएतनामला गेला. 1962 मध्ये बान मे थुओटजवळच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयातून व्हिएतकाँगनी त्याला धरून नेलं. परत आला नाही.

---

खवचट काकू

बाप रे. या माणसाच्या नशिबी काय काय.

---

बार्शी लाईट

आमच्याकडचा एक धागा जोडतो. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे, शास्त्रीय उपकरणं घेऊन मोठाले फुगे वर जातात. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, जिल्ह्यांच्या नावांसकट. सोलापूरचं नाव तर ठरलेलं. पॅराशूटला लटकलेली पेटी शेतात सापडल्यास उघडू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल. लहानपणी आम्ही पोरं ती पेटी आपल्याच रानात पडावी म्हणून आभाळाकडे डोळे लावून असायचो. बॉम्बचा विचार कशाला येतोय डोक्यात, बक्षीस दिसायचं.

एक शंका: जपानचे नऊ हजार सोडले आणि तीनशे सापडले, तर उरलेले गेले कुठे? अजून रानात असतील?

---

कंदिलवाला

बहुतेक समुद्रात. विमानांनी पाडले ते जेमतेम वीस, कारण फुगे फार उंच आणि वेगात. पण काही अजून डोंगरात आहेत. ऑक्टोबर 2014 मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या लंबीजवळ जंगलात काम करणाऱ्यांना जमिनीत अर्धवट रुतलेला धातूचा तुकडा दिसला. जुना फुगाबॉम्ब निघाला. नौदलाचं पथक आलं, स्फोटकं लावून जागीच उडवला. सत्तर वर्षांनी हलवून नेण्याइतका भरवसा त्यांनाही वाटला नाही.

---

मुक्काम पोस्ट तोक्यो

कुणी जपानला येणार असेल तर इकुताच्या संग्रहालयाच्या वेळा आधी बघून घ्या, रोज उघडं नसतं. ओदाक्यू लाईनने इकुता स्टेशन, तिथून चढ चढून चालत. येताना कोन्याकू खाऊ घालेन, काकूंना विशेष आमंत्रण.